छतावरचा जुना वॉलपेपर वाफेनं निघतो. पण तुमच्या छतावर हे यंत्र चालेल का? समजून घ्या

रील्समध्ये सगळं सोपं दिसतं. एक माणूस छताला चपटी थाळी टेकवतो, वाफेचा ढग उठतो आणि काही सेकंदांत जुना वॉलपेपर केळीच्या सालीसारखा खाली लोंबू लागतो. हे यंत्र आता ऑनलाइन घरपोच मिळतं. वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीरसारख्या गावांतही हॉलच्या भिंतीवर, काही घरांत बेडरूमच्या छतावरही वॉलपेपर दिसतो. त्यातला काही आता जुना झालाय. कोपरे सुटलेत, मधे फुगे आलेत, कुठे काळे डाग पडलेत.

तो काढायचा कसा? वाफेचं यंत्र मागवावं का? ऑर्डर देण्याआधी ते काय करतं आणि काय करू शकत नाही, हे पाहू.

थोडक्यात महत्त्वाचं

- वाफ कागदाला काढत नाही, कागदामागची खळ सैल करते.
- स्टिकरसारख्या चिकटणाऱ्या प्लास्टिक वॉलपेपरमागे खळ नसतेच. तिथे वाफेचा उपयोग कमी.
- पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर आणि मातीच्या गिलाव्यावर वाफ धोक्याची.
- छतावर काम करताना उकळतं पाणी अंगावर पडू शकतं.
- छताला ओल असेल, तर आधी गळती शोधा.

नेमकं कसं असतं हे यंत्र?

रचना अगदी साधी. साधारण ४ लिटरची पाण्याची टाकी, तिच्यात गिझरसारखी हीटिंग कॉइल, एक लांब नळी आणि नळीच्या टोकाला वहीएवढी पोकळ थाळी. पाणी उकळतं, वाफ नळीतून थाळीत येते आणि छतावर पसरते. प्रेशर कुकरसारखा मोठा दाब इथे नसतो. वाफ थाळीतून सतत बाहेर पडत राहते.

वाशिम जिल्ह्यातल्या हळद उत्पादकांना हे तंत्र नवीन वाटणार नाही. हळद शिजवण्याच्या बॉयलरमध्येही पाणी एकीकडे उकळतं आणि वाफ पाइपनं हळदीच्या ड्रममध्ये सोडली जाते. कंद शिजला की काडी सहज आत जाते. इथे फरक एवढाच की ड्रमच्या जागी छत आणि कंदाच्या जागी खळ.

गरम पाणी का नको, वाफच का?

उत्तर दहावीच्या विज्ञानात आहे: अप्रकट उष्मा. २५ अंशांचं १ ग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला ७५ कॅलरी लागतात. पण १०० अंशांवरच्या त्याच १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. ही उष्णता वाफेत दडून बसते. वाफ थंड कागदाला लागून तिचं पुन्हा पाणी झालं की ती सगळी तिथेच बाहेर पडते.

म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी होतात. कागदामागे ओलावा पोहोचतो आणि खळ तापते. पारंपरिक वॉलपेपर स्टार्च किंवा सेल्युलोजपासून बनवलेल्या, पाण्यात भिजणाऱ्या खळीनं चिकटवतात. पतंगाला किंवा पोस्टरला लावतो तीच जात. वाळलेली खळ ओली आणि गरम झाली की तिची पकड सुटते आणि पट्टीनं कागद ओढता येतो.

छतावर वाफेचा आणखी एक फायदा आहे. वर फडक्यानं पाणी मारलं तर ते थांबत नाही, खाली गळतं. वाफ मात्र वरच जाते.

एका खोलीला किती वेळ, किती वीज?

२,२०० वॉटचं यंत्र आणि १० बाय १२ फुटांची खोली धरून हिशेब करू.

- ४ लिटर पाणी उकळायला सुमारे १० मिनिटं.
- त्यानंतर मिनिटाला साधारण ५८ ग्रॅम वाफ. म्हणजे एक टाकी तासाभराहून थोडी जास्त पुरते.
- छत १२० चौरस फूट. थाळी ०.६ चौरस फुटाची धरली, तर ती सुमारे २०० वेळा टेकवावी लागेल.
- दर वेळी २० सेकंद वाफ आणि ३० सेकंद खरवडणं धरलं, तर पावणेतीन तास. शिडी हलवण्याचा आणि मान मोकळी करण्याचा वेळ वेगळा.
- यंत्र पूर्ण वेळ चालू राहिलं, तर वीज सुमारे ७ युनिट.

विजेचा खर्च फार नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. २३० व्होल्टवर हे यंत्र साडेनऊ अँपिअरहून जास्त करंट ओढतं. मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ते लावू नका. गिझर किंवा एसीसाठीचं १६ अँपिअरचं, अर्थिंग असलेलं सॉकेटच वापरा. बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

दुसरी गोष्ट पाण्याची. पावणेतीन तासांत जवळपास १० लिटर पाणी वाफ होऊन तुमच्या खोलीत येतं. त्यातलं काही खिडकीतून जातं, काही भिंती, छत आणि गाद्यांमध्ये मुरतं.

तुमचा वॉलपेपर कोणत्या जातीचा?

एक कोपरा नखानं उचलून पाहा. निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

*साधा कागदी:* फाटताना कागदासारखा फाटतो, पाण्याचा थेंब शोषतो. वाफ यावर उत्तम चालते.

*वर प्लास्टिकचा थर, मागे कागद:* पाण्याचा थेंब वर तसाच राहतो. वाफही आत जात नाही. आधी वरचा थर कोरडाच ओढून काढा आणि मागे राहिलेल्या कागदावर वाफ द्या. वरचा थर निघत नसेल, तर खिळ्यांच्या छोट्या रोलरनं हलकी भोकं पाडतात. जोर लावला तर तीच भोकं गिलाव्यात उमटतात.

*स्टिकरसारखा चिकटणारा:* मागचा पांढरा कागद सोलून लावला असेल, तर तो हाच. ऑनलाइन रोलमध्ये मिळणारा बराच माल या जातीचा असतो. याचा गोंद पाण्यात विरघळत नाही, फक्त उष्णतेनं मऊ होतो. त्याला साधा हेअर ड्रायर पुरतो. एक कोपरा कोमट करा आणि छताला समांतर, हळूहळू ओढा. हीट गन वापरली तर कमी तापमानावरच, कारण पीव्हीसी जास्त तापलं की घातक वायू सुटतो.

*पीव्हीसी पॅनेल:* हा वॉलपेपर नाहीच. पट्ट्या स्क्रूनं किंवा क्लिपनं बसवलेल्या असतात. वाफेचा इथे काही संबंध नाही.

कोणत्या छतावर वाफ चालते?

*सिमेंटचा गिलावा असलेला स्लॅब:* चालते. मात्र थाळी एका जागी जास्त वेळ धरली, तर खालची पुट्टी आणि जुना डिस्टेंपरही मऊ होऊन पट्टीबरोबर निघतो. नंतर पुन्हा पुट्टी मारावी लागेल, हा खर्च आधीच धरा.

*पीओपी, जिप्सम बोर्ड:* टाळा. जिप्सम ओलं झालं की कमजोर होतं आणि बोर्ड मधे झोळ पडून लोंबतो. वर एलईडी दिव्यांच्या वायरी असतात, त्यांच्यापर्यंत ओलावा जाणं परवडणारं नाही.

*जुन्या घरांची लाकडी तक्तपोशी, माळवद, मातीचा गिलावा:* अजिबात नको. माती ओलावा पिते, फुगते आणि ढेकळानं खाली येते. लाकूडही वाकतं.

वाशिमच्या राजांची छतं काय सांगतात?

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेचा राजा हरिषेण पाचव्या शतकात होऊन गेला. त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याची १६ क्रमांकाची लेणी खोदवून घेतली, असं तिथला शिलालेख सांगतो. अजिंठ्याची रंगवलेली छतं ही एका अर्थानं वत्सगुल्मच्या वैभवाच्या काळातली.

त्या छतांवरूनही एक थर काढण्याची वेळ आली. १९२० ते १९२२ या काळात हैदराबादच्या निजाम सरकारनं चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रं वाचवण्यासाठी बोलावलं. त्यांनी चित्रांवर लाखेचं वार्निश दिलं. पुढे ते पिवळं, काळपट पडलं आणि चित्रंच झाकोळली. नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला हे वार्निश काढण्याचं काम हाती घ्यावं लागलं. ते इंचाइंचानं, रसायनं जपून वापरत करावं लागतं.

तिथे वाफ का चालत नाही? अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत आणि त्यांचे रंग डिंकासारख्या पदार्थानं बांधलेले आहेत. जी वाफ वॉलपेपरची खळ सोडवते, ती हा डिंक आणि ही मातीही सोडवेल. कोणता थर नको आणि कोणता जपायचा, हे वाफेला कळत नाही. ते माणसानंच आधी ठरवायचं असतं. घरच्या छतालाही हाच नियम लागू होतो.

छताला कागद चिकटवायची पद्धत आली कुठून?

थंड देशांत जुन्या घरांची छतं लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा देऊन केलेली असत. त्यांना बारीक तडे जात. ते झाकायला जाड, उठावदार कागद सोयीचे होते. जर्मनीत १८६४ मध्ये ह्युगो एरफुर्ट यानं लाकडाचा भुसा घातलेला खरबरीत कागद तयार केला. इंग्लंडमध्ये १८७७ मध्ये लिंक्रस्टा आणि १८८७ मध्ये अनाग्लिप्टा हे नक्षीचे प्रकार आले. वर्षानुवर्षं त्यावर रंगाचे थर चढत गेले. ते खरवडणं अशक्य झालं, तिथे वाफेचं यंत्र कामाला आलं.

इंग्लंडमध्ये जुन्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक खबरदारी घ्यावी. तिथे अ‍ॅस्बेस्टॉसवर १९९९ मध्ये पूर्ण बंदी आली. त्याआधीच्या छतांवरच्या खडबडीत लेपात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तपासणी होईपर्यंत कागदाला हात लावू नये.

धोका कुठे आहे?

सगळ्यात मोठा धोका भाजण्याचा. १०० अंशांचं १ ग्रॅम पाणी त्वचेवर पडलं, तर शरीराच्या तापमानाला येईपर्यंत ६३ कॅलरी देतं. तेवढीच वाफ ६०३ कॅलरी देते, म्हणजे साडेनऊ पट. त्यात छताचं काम म्हणजे थाळी डोक्यावर. वाफेचं पाणी होऊन ते थाळीच्या कडेनं थेट हातावर आणि चेहऱ्यावर ठिबकतं.

- थाळीच्या बरोबर खाली उभे राहू नका, बाजूला उभे राहा.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे आणि गॉगल घाला.
- शिडीच्या टोकावर उभे राहून काम नको. परांची किंवा मजबूत फळी वापरा.
- खोलीतल्या दिव्या-पंख्याचा एमसीबी बंद करा. पंखा उतरवा, छतातल्या वायरींची टोकं झाका. यंत्राची वीज दुसऱ्या खोलीतून घ्या.
- टाकी गरम असताना झाकण उघडू नका. बंद करून निवू द्या, मगच पाणी भरा.
- मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

पाणीही नीट निवडा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं कॉइलवर पांढरा थर चढतो आणि यंत्र लवकर निकामी होतं.

कागदाखाली जुना ऑइल पेंट निघाला, तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं आणि ते लहान मुलांना सर्वाधिक घातक असतं.

आधी हे तपासा: कागद सुटला का?

आपल्याकडे बरेचदा वॉलपेपर हौसेपेक्षा ओल झाकायला लावतात. पावसाळ्यात स्लॅब पाझरतो, लोणा येतो, रंगाचे पोपडे सुटतात आणि त्यावर कागद चिकटवला जातो. पुढच्या पावसाळ्यात तो कागदही सुटतो.

अशा छतावर वाफ देणं म्हणजे ओल्या गिलाव्यात आणखी पाणी घालणं. कागद निघेल, पण खालचा गिलावा पोकळ झाला असेल, तर तोही डोक्यावर येईल. म्हणून आधी काठीच्या टोकानं छत हलकेच वाजवून पाहा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, डबडब आवाज आला, तर यंत्र बाजूला ठेवा आणि गवंड्याला बोलवा. स्लॅबच्या सळ्या गंजल्याचे तांबूस डाग दिसले, तर अभियंत्याला दाखवा.

वेळही महत्त्वाची. दिवाळीच्या रंगकामाच्या घाईत बरेच जण हे काम काढतात. पण पावसाळा संपल्या संपल्या स्लॅब अजून ओलाच असतो. फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला. वऱ्हाडातल्या उन्हात छत लवकर वाळतं आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंगही त्याच काळात उरकता येतं.

मग यंत्र घ्यावं का?

सिमेंटचा कोरडा स्लॅब, खळीनं लावलेला कागदी वॉलपेपर आणि दोन-तीन खोल्यांचं काम असेल, तर घ्यायला हरकत नाही. एकाच खोलीसाठी ओळखीच्या पेंटरकडे विचारून भाड्यानं मिळतं का, ते पाहा. स्टिकरचा वॉलपेपर असेल, तर घरातला हेअर ड्रायर बास आहे. फॉल्स सीलिंग असेल, तर कागद कोरडाच काढा किंवा बोर्ड बदला.

आणि कोणताही प्रकार असला, तरी आधी कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहा. एक रात्र जाऊ द्या. सकाळी ती जागा कोरडी आणि घट्ट असेल, तरच पुढचं छत हाती घ्या.