शब्द तुमचा, अर्थ आमचा

धर्माधर्मांतल्या भांडणात पोथीतल्या शब्दावरची श्रद्धा नेमकं काय काम करते, हे सुटं करून पाहायचं असेल तर संत एकनाथांचं ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड घ्यावं. काळ सोळाव्या शतकातला, पैठणवर अंमल निजामशाहीचा. तेव्हाच्या बोलीत ‘तुर्क’ म्हणजे मुसलमान. नाथ दोघांना समोरासमोर उभं करतात आणि मनसोक्त भांडू देतात.

तुर्क पुराणांवरच बोट ठेवतो. ब्रह्मदेव स्वतःच्या मुलीवर भाळला, असं तुमचेच ग्रंथ सांगतात. मग त्याच्या तोंडचे वेद खरे कसे? निराकार देवाला हातपाय कुठून आले? हिंदूही गप्प बसत नाही. देव सगळीकडे आहे म्हणता, मग तोंड पश्चिमेलाच का? पाच वेळा देवाच्या, तर उरलेल्या कुणाच्या? आम्ही दगड पुजतो म्हणून हसता, मग कबरीवरच्या दगडाला मान कशासाठी?

इथं खोटं कुणीच बोलत नाही. ब्रह्मदेवाची कथा पुराणात आहे, नमाजाच्या पाच वेळाही ठरलेल्या आहेत. मेख आहे ती वाचण्याच्या रीतीत.

‘सारा गाव लोटला’ म्हटलं की घरं चालत आली असं कुणी समजत नाही. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. तो जुळेना म्हणून त्याला लागून असलेला अर्थ घ्यायचा ती लक्षणा. शास्त्रातलं ठरलेलं उदाहरण ‘गंगेवर गवळीवाडा’ असं आहे. वाडा पाण्यावर नसतो, काठावर असतो. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी तर आज्ञा वेगळी काढली आणि नुसती स्तुती-निंदा करणाऱ्या वाक्यांना ‘अर्थवाद’ म्हटलं. कुराणातही तिसऱ्या सूरेची (अध्यायाची) सातवी आयत सांगते, की काही आयती स्पष्ट अर्थाच्या आहेत, काहींचे अर्थ अनेक निघू शकतात. म्हणजे अर्थाची किल्ली दोन्ही घरांत आहे.

भांडणात ती किल्ली फक्त स्वतःच्या घराला लागते. आमच्या कथेत गूढार्थ, तुमच्या कथेत मात्र लिहिलंय तेवढंच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मग सगळंच लक्षणेवर ढकललं की भांडण मिटेल का? तेही नाही. विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकणाऱ्या बाईला समोर प्रतीक दिसत नाही, विठ्ठल दिसतो. नमाजाला उभ्या राहिलेल्या माणसासाठी किब्ल्याची, म्हणजे तोंड करायची, दिशा हा अलंकार नव्हे, आज्ञा आहे. ‘तुम्हाला तसं म्हणायचं नसतं हो’ असं त्यांना समजावणं हाही एक अपमानच. माणसं काही गोष्टी शब्दशः मानतात, आणि मानणारच. नुसत्या मानण्यानं दंगल पेटत नाही. त्याला सत्तेची, जमिनीची, मानापमानाची जोड मिळाली, की हेच ‘तुमच्या पोथीतच लिहिलंय’ सरपणासारखं वापरायला हाताशी असतं.

नाथांना अक्षराची किंमत ठाऊक नव्हती असं नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. शब्द इकडचा तिकडे झाला तर काय बिघडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? आणि या भारुडात ते कुठल्याच बाजूचा शब्द खोडत नाहीत. एकाला लावलेली फूटपट्टी दुसऱ्यालाही लावतात, एवढंच. ध्येय एकच, भजनाची रीत वेगळी, हे त्यांनी आरंभीच सांगून ठेवलेलं असतं. मोजून मोजून दोघेही उघडे पडतात, तेव्हा कुठे ते वाक्य ऐकू येण्याजोगं होतं. शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. हिंदू हिंदूच राहतो, तुर्क तुर्कच.