कॉर्ड बदलली, सा नाही बदलला

गिटार शिकायला लागून वर्ष-दीड वर्ष झालं, कॉर्ड्स हाताला बसल्या, की ओढ लागते सोलोची. मित्र कॉर्ड्स वाजवतोय किंवा मोबाइलवर बॅकिंग ट्रॅक चालू आहे आणि त्यावर आपण मनाने काही वाजवायचं. इथे पहिलाच प्रश्न येतो : कुठली स्केल वाजवू? त्याची उत्तरं इतकी मिळतात आणि एकमेकांना इतकी छेद देतात की चांगला हात असलेली मुलंमुलीही स्केलच्या तक्त्यांत अडकून पडतात. त्यातले काही समज साफ चुकीचे आहेत. काही अर्धे खरे आहेत, आणि तेच जास्त त्रास देतात.

गैरसमज : प्रत्येक कॉर्डला तिची स्वतःची स्केल लागते

सी, ए मायनर, एफ, जी ही चार कॉर्ड्सची साखळी असंख्य गाण्यांत आहे. नवशिका वादक सीवर सी मेजर स्केल घेतो, एफ आली की एफ मेजर, जी आली की जी मेजर. हात गिटारभर उड्या मारतो आणि ऐकणाऱ्याला एकमेकांशी न बोलणारे तुकडे ऐकू येतात. शिवाय एफ मेजरमध्ये बी फ्लॅट आहे आणि जी मेजरमध्ये एफ शार्प. या चालीत त्या दोन्ही स्वरांना जागा नाही.

वस्तुस्थिती अशी, की या चारही कॉर्ड्स एकट्या सी मेजरच्या सात स्वरांतून निघाल्या आहेत. पांढरी एक म्हणजे सी हा सा धरा. मग सी कॉर्ड म्हणजे सा-ग-प, ए मायनर म्हणजे ध-सा-ग, एफ म्हणजे म-ध-सा आणि जी म्हणजे प-नि-रे. सा चारही ठिकाणी तोच. गायक मध्यमावर थांबला म्हणून तंबोऱ्याचा सा बदलला असं कुणी म्हणत नाही. इथेही तसंच आहे. एफ आली म्हणजे खालून मध्यमाचा आधार मिळाला, घर हललं नाही.

बदलतात त्या थांबण्याच्या जागा. आपल्याकडे याला न्यास म्हणतात, आणि गिटारवर सोलो वाजवणाऱ्याला हा शब्द दहा स्केल्सपेक्षा जास्त उपयोगी आहे असं मला मनापासून वाटतं. जी कॉर्ड चालू असताना सा लांबवून पाहा : तो स्वर अधांतरी राहतो, खाली निषादाकडे उतरू पाहतो. तोच सा एफवर लांबवा, स्वस्थ बसतो. स्वर तोच, बोट तेच, खालची कॉर्ड वेगळी. म्हणून स्केल एकच ठेवा आणि वाक्य संपताना त्या वेळी चालू असलेल्या कॉर्डच्या तीन स्वरांपैकी एकावर संपवा. मधल्या वाटेत सातही स्वर मोकळे आहेत.

गैरसमज : मग पट्टी सापडली की एकच स्केल शेवटपर्यंत चालते

हा अर्धा खरा समज. तो कुठे कमी पडतो हे पाहायला ‘ईगल्स’चं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ घेऊ, कारण ते बहुतेक गिटारवाल्यांनी कधी ना कधी वाजवलेलं असतं. 1976 च्या अल्बममधलं हे गाणं. शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांचा सुमारे दोन मिनिटांचा सोलो. त्याखाली आठ कॉर्ड्सची साखळी फिरत राहते : बी मायनर, एफ शार्प सेव्हन, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि पुन्हा एफ शार्प सेव्हन.

पट्टी बी मायनर, म्हणजे सा पांढरी सात. बी मायनर स्केलचे स्वर सा, रे, कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नि. आपला आसावरी थाटच. ही स्केल आठपैकी पाच ठिकाणी बिनतक्रार बसते. उरलेल्या तीन ठिकाणी अडतं, कारण एफ शार्प सेव्हन दोनदा येते आणि तिच्यात ए शार्प आहे, तर ई कॉर्डमध्ये जी शार्प आहे. हे दोन्ही स्वर बी मायनर स्केलमध्ये नाहीत. एफ शार्प सेव्हनवर साधा ए लांबवला की कानाला लगेच बोचतं.

इथे अनेक जण घाबरून तीन नव्या स्केल्स पाठ करायला घेतात. गरज असते एकेक स्वर हलवण्याची. एफ शार्प सेव्हनवर कोमल निषादाच्या जागी शुद्ध निषाद घ्या, बाकी सहा स्वर तसेच ठेवा. जे तयार होतं त्याला पाश्चात्त्य संगीतात हार्मोनिक मायनर म्हणतात, आणि किरवाणीचे स्वरही तेच. ई कॉर्डवर कोमल धैवताऐवजी शुद्ध धैवत घेतला की काफी थाट झाला, ज्याला डोरियन म्हणतात. पुढे जी कॉर्ड आली की धैवत पुन्हा कोमल. एवढंच. सोलोच्या शेवटी दोन गिटार एकत्र येतात तो भाग नीट ऐका. तिथे स्केल धावतच नाही, प्रत्येक कॉर्डचे स्वर एकामागून एक उलगडत जातात. तो भाग ऐकणाऱ्यांच्या तोंडी राहण्याचं हे एक मोठं कारण आहे.

गैरसमज : मायनर पेंटॅटॉनिक कशावरही चालते

पाचव्या फ्रेटवरचा तो बॉक्स जवळपास प्रत्येकाला पहिला येतो : ए, सी, डी, ई, जी. ए पट्टीतल्या बारा बारच्या ब्लूजवर, म्हणजे ए सेव्हन, डी सेव्हन आणि ई सेव्हनवर, तो चालतो हे खरं. पण का चालतो ते पाहा. ए सेव्हनमध्ये सी शार्प आहे, म्हणजे शुद्ध गंधार, आणि बॉक्समध्ये सी, म्हणजे कोमल. हिशोबाने हे चुकीचं ठरायला हवं. ब्लूज वाजवणारे तिथे तार किंचित ओढून दोन्ही गंधारांच्या मधल्या जागी स्वर लावतात. ती जागा हाच ब्लूजचा प्राण आहे. न ओढता सपाट वाजवलेला सी म्हणजे नुसता बॉक्स. डी सेव्हन आली की मात्र तोच सी त्या कॉर्डचा स्वतःचा स्वर होतो. ए सेव्हनवर सी शार्प आणि डी सेव्हनवर सी एवढा फरक वाजवून दाखवलात, तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेली तुमच्या सोलोतून कळते. बी. बी. किंग मेजर आणि मायनर पेंटॅटॉनिक मिसळून वाजवत, ते उगाच नव्हे.

याच पाच स्वरांबद्दल आणखी एक गोष्ट. सीला सा मानलं तर हे भूपाचे स्वर आहेत, एला सा मानलं तर धानीचे, ईला मानलं तर मालकंसाचे आणि जीला मानलं तर दुर्गेचे. मूर्च्छनेचा हा खेळ आपल्याकडे जुना आहे. गिटारवर तो खालच्या कॉर्ड्स खेळतात : बोटं त्याच बॉक्समध्ये असतात, पण साखळी सीवर येऊन विसावत असेल तर मेजर ऐकू येतं, एवर विसावत असेल तर मायनर. (भूपाचे स्वर वाजले म्हणजे भूप झाला असं अर्थातच नाही. देसकाराचे स्वरही तेच आहेत.)

गैरसमज : डोरियन म्हणजे डीपासून वाजवलेली सी मेजर

कागदावर बरोबर, कानाला निरुपयोगी. असं समजणाऱ्याचा हात डी मायनरवर वाजवतानाही सीवर येऊन थांबत राहतो. डी हा सा आहे हे आधी कानात बसू द्या, मग कोमल गंधार आणि शुद्ध धैवत एकत्र आल्यावर जो रंग येतो तो ऐका. सातपैकी सहा मोड आपल्या थाटांशी स्वरास स्वर जुळतात : आयोनियन बिलावलशी, डोरियन काफीशी, फ्रिजियन भैरवीशी, लिडियन कल्याणशी, मिक्सोलिडियन खमाजशी आणि एओलियन आसावरीशी. हार्मोनियमवर थाट वाजवलेल्याला मोड परके वाटायचं कारण नाही.

माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ अल्बममधलं ‘सो व्हॉट’ यासाठी फार चांगलं. 32 बारचा आराखडा : 16 बार डी डोरियन, 8 बार ई फ्लॅट डोरियन, पुन्हा 8 बार डी डोरियन. इथे सा खरोखरच बदलतो, अर्ध्या स्वराने वर जातो आणि परत येतो. सा बदलला की नाही हे ओळखायची सोपी रीत आहे. ट्रॅक मध्येच थांबवा आणि जिथे घरी आल्यासारखं वाटतं तो स्वर गुणगुणा.

गैरसमज : कॉर्ड्स जितक्या भराभर, तितक्या जास्त स्केल्स

उलट आहे. ‘सो व्हॉट’मध्ये सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जॉन कोल्ट्रेननेच 1959 मध्ये ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित केलं. त्यात 16 बारमध्ये बी, जी आणि ई फ्लॅट अशा तीन पट्ट्या भराभर येत-जात राहतात. तेवढ्या वेळात पूर्ण स्केल मांडायला जागाच नसते. कोल्ट्रेन तिथे पुन्हा पुन्हा चार स्वरांचा तुकडा वापरतो : पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा. म्हणजे सा-रे-ग-प.

आणि चुकीच्या स्वराची भीती? मेजर स्केलच्या बाहेर पडलेला प्रत्येक स्वर स्केलमधल्या स्वरापासून एका फ्रेटवर असतो. सरकवा, पुढे चला.

आज रात्री एक करून पाहा. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या त्या आठ कॉर्ड्स सावकाश वाजवून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. त्यावर स्केल वाजवू नका. प्रत्येक कॉर्डला तिचा गंधार, म्हणजे तिसरा स्वर, एवढाच लावा : डी, ए शार्प, सी शार्प, जी शार्प, बी, एफ शार्प, जी, ए शार्प. पहिल्या चार फ्रेटमध्ये सगळे सापडतात. शेवटचा ए शार्प तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर घ्या, आणि साखळी पुन्हा बी मायनरवर आली की बोट चौथ्या फ्रेटवर सरकवा. तो सा आहे.