एक समाज, तीन याद्या

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात गोरेगाव नावाचे गाव आहे. या तालुक्यात मूळ गावांपासून थोडे अंतर राखून वसलेले बंजाऱ्यांचे तांडे आढळतात. तांड्याचा कारभार पूर्वापार नायकाकडे असतो, आणि घरात बोलली जाते ती गोरबोली. येथील बंजाऱ्यांचे भाऊबंद पूर्वेस तेलंगणात आहेत, तेथे ते अनुसूचित जमातीत मोडतात. दक्षिणेस कर्नाटकात आहेत, तेथे ते अनुसूचित जातीत गणले जातात. महाराष्ट्रात मात्र त्यांची नोंद विमुक्त जातींत आहे. बोली एक, कुलाचार एक, मग सरकारी दप्तरात ही तीन नावे कशी आली, हे समजून घेण्यासारखे आहे.

बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ देशभर पोहोचविणे, हा या समाजाचा जुना उद्योग. मोगलांच्या आणि पुढे इंग्रजांच्या फौजांना रसद पुरवीत त्यांचे तांडे दक्षिणेत आले. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि पक्क्या सडका झाल्या, तेव्हा हा उद्योग बुडाला. त्यातच १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि फिरस्त्या लोकांकडे सरकार संशयाने पाहू लागले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. त्याच्या कचाट्यातून सुटलेल्या समाजांना ‘विमुक्त’ म्हणू लागले, व महाराष्ट्राने बंजाऱ्यांना त्या वर्गात घातले. एका जुलमी कायद्याची आठवणच अशा रीतीने वर्गाचे नाव होऊन बसली.

अनुसूचित जमातींची यादी ही निराळी गोष्ट आहे. राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमान्वये राष्ट्रपतींनी १९५० साली राज्यवार याद्या प्रसिद्ध केल्या. हैदराबाद राज्याच्या यादीत आंध, भिल्ल, चेंचू, गोंड, कोलाम, कोया, प्रधान, थोटी इत्यादी नावे होती. लंबाडा अथवा बंजारा हे नाव नव्हते. त्या वेळी मराठवाडा, तेलंगणा आणि बीदर-गुलबर्ग्याकडचा कानडी मुलूख हे सारे त्या एकाच राज्यात होते, म्हणून तिन्ही भागांतील बंजाऱ्यांची स्थिती सारखीच होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबादचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. याद्या मात्र जुन्या भूभागांपुरत्याच चालू राहिल्या. एकाच राज्यात एका भागात जमात मान्य, तर शेजारच्या भागात अमान्य, असा विचित्र प्रकार घडू लागला. तो दूर करण्यासाठी संसदेने १९७६ साली कायदा करून बहुतेक क्षेत्रबंधने उठविली. एखादे नाव राज्याच्या कोणत्याही भागात यादीत असेल, तर ते सर्व राज्याला लागू व्हावे, हा त्याचा आशय होता.

खरी गोम येथेच आहे. आंध्रच्या किनारी भागातील यादीत सुगाली आणि लंबाडी ही नावे आधीपासून होती. त्यामुळे तेलंगणातील लंबाडे अनुसूचित जमात झाले. जुन्या म्हैसूरच्या अनुसूचित जातींत लंबाणी होते. त्यामुळे गुलबर्ग्याकडचे लंबाणी त्या वर्गात गेले. महाराष्ट्रात महादेव कोळ्यांचे नाव जुन्या मुंबई इलाख्याच्या यादीत होते, ते मराठवाड्यालाही लागू झाले. बंजाऱ्यांचे नाव मात्र महाराष्ट्राच्या कोणत्याच भागाच्या यादीत नव्हते. जे नाव कोठेच नाही, त्याचा विस्तार तरी कसा व्हावा?

या भेदाचे परिणाम वरवरचे नाहीत. महाराष्ट्रात विमुक्त जातींना नोकरीत तीन टक्के राखीव जागा आहेत, अनुसूचित जमातींना सात टक्के. शिवाय विधानसभा आणि लोकसभा येथील राखीव मतदारसंघ जमातींनाच मिळतात. २००६ च्या वनहक्क कायद्यात जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविला की पुरते. इतरांना मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तेथे वास्तव्य होते हे सिद्ध करावे लागते. ज्यांचे आजेपणजे बैलांमागून फिरत होते, त्यांनी असा पुरावा कोठून आणावा?

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठा-कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदी मान्य केल्या. त्याच गॅझेटियरचा आधार घेऊन आम्हांस जमात माना, अशी मागणी करीत बंजाऱ्यांचे मोर्चे निघाले. परंतु दोन्ही प्रश्न सारखे नाहीत. कुणबी हे नाव इतर मागासवर्गाच्या यादीत आधीच आहे. जुनी नोंद तेथे अमुक कुटुंब कुणबी आहे एवढेच दाखविते. बंजाऱ्यांचे नाव जमातींच्या यादीतच नाही, आणि यादीत नवे नाव घालण्याचा अधिकार केवळ संसदेचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हलबा-कोष्टी प्रकरणी हेच सांगितले: यादी जशी आहे तशीच वाचावी, न्यायालयालाही तीत भर घालता येत नाही.

मार्ग आहे, पण तो लांबचा आहे. राज्याने शिफारस करावी, भारताच्या महानिबंधकांनी आणि अनुसूचित जमाती आयोगाने ती मान्य करावी, मग संसदेत विधेयक यावे. कसोट्या १९६५ च्या लोकूर समितीच्या: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, परक्यांशी बुजरेपणा आणि मागासलेपणा. फिरत्या व्यापारी समाजाला यांतील काही कसोट्या अवघड जातात, हे उघड आहे. गावोगावी धान्य विकणारा बुजरा कसा असणार?

दुसरी बाजूही विसरता येत नाही. हिंगोली-नांदेडकडील आंध आणि किनवटचे गोंड, कोलाम यांना आपल्या तुटपुंज्या वाट्यात नवा भागीदार नको आहे. त्यांची भीती निराधार नाही. तेलंगणात १९७६ नंतर काय झाले, हे मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९८२ च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे: सीमेपलीकडून आलेल्या बंजाऱ्यांनी आदिलाबादच्या गोंडांच्या जमिनी व्यापल्या.

म्हणून हा वाद खऱ्या आणि खोट्या आदिवासींचा नाही. एकाच संस्थानातील लोकांना सीमारेषेने तीन पेट्यांत टाकले, आणि ती वाटणी कोणत्याही तांड्याला विचारून झाली नव्हती. ती दुरुस्त करावयाची तर जुनी पाने चाळण्याबरोबरच आज कोणाच्या घरी किती उणे आहे, याचीही मोजदाद व्हावी लागेल; आणि वाटा वाढविल्यावाचून केवळ वाटेकरी वाढविले, तर एका उपेक्षिताचा न्याय दुसऱ्याच्या ताटातून काढल्यासारखे होईल.