नेते गेले, अल-शबाब उरली

सोमालियातील अल-शबाब या जिहादी संघटनेने आजवर बडे नेते गमावले, राजधानी मोगादिशू आणि किस्मायोचे बंदरही गमावले. तरीही देशाच्या मध्य व दक्षिण भागातल्या मोठ्या ग्रामीण पट्ट्यात तिचा अंमल चालतो.

२००६ च्या अखेरीस इथिओपियाचे सैन्य सोमालियात शिरले आणि इस्लामी न्यायालयांच्या संघाची सत्ता कोसळली. परक्या सैन्याविरुद्धच्या संतापावर या संघाची तरुण लढवय्यांची फळी फोफावली. हीच फळी म्हणजे अल-शबाब; ‘शबाब’ म्हणजे तरुण. मे २००८ मध्ये आदेन हाशी आयरो हा तिचा सेनानी अमेरिकी क्षेपणास्त्राला बळी पडला. प्रमुख अहमद अब्दी गोदाने याने २०१२ मध्ये संघटना अल-कायदाशी जोडली आणि पुढच्याच वर्षी विरोधात गेलेल्या जुन्या साथीदारांचा काटा काढला. सप्टेंबर २०१४ मध्ये तोही अमेरिकी हवाई हल्ल्यात मारला गेला. आठवड्याभरात नवा प्रमुख म्हणून अहमद उमरचे नाव जाहीर झाले आणि कारभार पुढे चालू राहिला.

हे शक्य झाले ते मजबूत घडीमुळे. वर शूरा हे सल्लागार मंडळ, खाली प्रांतोप्रांतीचे ‘वाली’ आणि सगळ्यांवर नजर ठेवणारे ‘अम्नियात’ हे गुप्तहेर खाते. फितुरीला शिक्षा मृत्यूची.

दुसरा आधार पैशाचा. मालाचा ट्रक अल-शबाबच्या नाक्यावर थांबला की चालक ठरलेला कर भरतो आणि त्याला पावती मिळते. ती दाखवली की पुढच्या नाक्यावर पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत. सरकारी बाजूच्या नाक्यांवर मात्र जागोजागी हात ओले करावे लागतात. जमिनीच्या तंट्यांचेही तसेच. अल-शबाबकडे झटपट निकाल लागतो आणि तो अमलातही येतो, म्हणून सरकारी हद्दीतले लोकसुद्धा तिच्या न्यायालयांची पायरी चढतात.

या शिस्तीच्या मुळाशी दहशत आहे. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी मोगादिशूच्या गजबजलेल्या चौकात झालेल्या ट्रकबॉम्बस्फोटात पाचशेहून अधिक माणसे गेली. बहुतेक सगळे साधे नागरिक होते.

२०२२ मध्ये मध्य सोमालियातील कुळांनीच कर आणि जुलमाला कंटाळून शस्त्रे उचलली. सरकारी फौजेच्या जोडीने त्यांनी मोठा मुलूख सोडवला. पण मोकळ्या झालेल्या गावांत पोलीस, न्याय आणि कारभार वेळेवर पोहोचला नाही. २०२५ मध्ये अल-शबाबने त्यातला बराच भाग परत घेतला. नेता मारल्याने अशी संघटना संपत नाही. गावकऱ्याला सरकारदरबारी न्याय मिळू लागला, तरच तिची मुळे उखडतील.