रूप पालटणारीं जपानी खेळणीं व त्यांचा संग्रह



जुनीं नाणीं किंवा टपालाचीं तिकिटें जमविणाऱ्या मनुष्याचें आपल्या नांदेड-लातुराकडे कौतुक होतें. परंतु मोठेपणीं कोणी आपलें जुनें खेळणें जपून ठेविलें, तर "पोरखेळ अजून सुटला नाहीं!" असें त्याला ऐकावें लागतें. हा आक्षेप कितपत योग्य आहे, हें जपानच्या रूप पालटणाऱ्या यंत्रमानवांच्या उदाहरणानें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या खेळण्यांची मौज त्यांच्या सांध्यांत आहे. मोटारीचे भाग ठराविक क्रमानें वळविले, कीं तिचाच यंत्रमानव उभा राहतो. ताकारा ह्या जपानी कंपनीनें १९८० सालीं 'डायाक्लोन' नांवाची माला काढली व १९८२ पासून तींत खऱ्या मोटारींच्या प्रतिकृति आणल्या. आंत बसावयास सुमारें ३ सेंटिमीटर उंचीचा चालक असे. त्याच्या पायांत लोहचुंबक बसविलेला असे. १९८३ सालीं त्याच कंपनीच्या 'मायक्रो चेंज' मालेंत कॅमेरा, कॅसेट वाजविण्याचें यंत्र अशा घरगुती वस्तूंचे यंत्रमानव झाले. पुढें १९८४ सालीं अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें ह्या दोन्ही मालांतील खेळणीं 'ट्रान्सफॉर्मर्स' ह्या एकाच नांवाखालीं विकावयास आणलीं. चालक गेला, यंत्रमानव स्वतःच सजीव ठरला व त्याला नांव, स्वभाव आणि पक्ष मिळाला. 'डायाक्लोन'मधील 'बॅटल कॉन्व्हॉय' हा ट्रक अशा रीतीनें 'ऑप्टिमस प्राइम' झाला.

आतां संग्राहकाचें काम पाहूं. खेळण्याच्या अंगावर १९७४ किंवा १९८० असा आंकडा उमटलेला असला, तरी तें त्या नगाचें जन्मवर्ष समजूं नये. तो बहुधा आराखड्याच्या स्वामित्वहक्काचा आंकडा असतो. मागाहून पुन्हा काढलेल्या प्रतींवरहि तो आढळतो. म्हणून रंग, चिकटचित्रें, पेटी व सूचनापत्रक हीं ताडून पाहावीं लागतात. नक्कल ओळखतां यावी यासाठीं १९८५ पासून खेळण्यांवर एक विशेष चिकटचित्र लावूं लागले. तें बोटानें घासलें, कीं उष्णतेनें पक्षाचें चिन्ह दिसूं लागतें. जुन्या मोटार-यंत्रमानवांच्या मुठी व शस्त्रें सुटीं असत. तीं सर्व शाबूत असलेला नग दुर्मिळ.

जतनाचीहि एक विद्या आहे. उन्हानें पांढरें प्लास्टिक पिवळें पडतें. तेव्हां आपल्याकडील वैशाखाच्या दिवसांत खेळणें खिडकीशीं ठेवूं नये. सोनेरी कण मिसळलेलें प्लास्टिक कालांतरानें इतकें ठिसूळ होतें, कीं नुसतें वळवितांच त्याचे तुकडे होतात. अशा नगाचें रूप न पालटणें हाच त्याचा सांभाळ.

ह्या सर्व सायासाचें फळ काय, असें पालक विचारतील. उत्तरासाठीं जपानला जावयास नको. लातूरच्या शेजारीं, धाराशिव जिल्ह्यांतील तेर गांवीं जावें. प्राचीन तगर नगर तें हेंच. तेथील रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं गांवाच्या परिसरांत मिळणारे मणी, नाणीं, भाजलेल्या मातीच्या मूर्ति व बाहुल्या आवडीनें जमविल्या. ज्या वस्तु एखाद्यास निरुपयोगी वाटाव्या, त्यांवरूनच सातवाहनकाळच्या लोकजीवनाची माहिती मिळते. आज लामतुरे ह्यांच्या नांवाचें शासकीय संग्रहालय तेथें आहे. मातीची बाहुली जशी आपल्या काळची साक्षीदार, तसाच कॅसेटच्या यंत्राचा यंत्रमानवहि. १९८३ च्या सुमारास जपानी घरांत कोणत्या वस्तु होत्या, हें तो सांगतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांनीं तर कॅसेट पाहिलीहि नसेल.

यासाठीं महागडीं परदेशी खेळणीं विकत घेण्याचें कारण नाहीं. माळ्यावरची लांकडी गाडी, पोळ्याचे मातीचे बैल, आजोबांच्या वेळची चावीची मोटार हीं शोधावीं. तीं कोणीं, केव्हां व कोठून आणिलीं, हें वडीलधाऱ्यांस विचारून वहींत लिहावें. सांगणारीं माणसें घरांत आहेत तोंच हें विचारलें पाहिजे. खेळणें मागें राहिलें आणि त्याची हकीकत गेली, तर निम्मा संग्रह हरवला असें आम्ही समजतों.