रंगचक्राच्या पुढचे धडे

लाल, पिवळा आणि निळा हे प्राथमिक रंग. त्यांच्या जोड्या मिसळून होणारे नारिंगी, हिरवा आणि जांभळा हे दुय्यम रंग. या दोहोंच्या मधले आणखी सहा धरले की बारा घरांचे रंगचक्र पूर्ण होते. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला आणि ग्रेड परीक्षांच्या तयारीत ते हमखास रंगवून घेतले जाते. पाठ करायला ते सोपे आहे आणि कामापुरते खरेही आहे. अडचण येते ती पोस्टर कलरच्या बाटल्या उघडल्यावर. स्कार्लेट आणि प्रशियन ब्लू मिसळले की जांभळा होत नाही, मळकट तपकिरी काळपट रंग होतो आणि विद्यार्थ्याला वाटते की आपलेच काहीतरी चुकले.

चूक त्याची नसते. रंगद्रव्य उजेडातला काही भाग शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. स्कार्लेट नारिंगीकडे झुकलेला तांबडा आहे, तर प्रशियन ब्लू हिरव्याकडे झुकलेला निळा. जांभळ्याला लागणारा उजेड दोघेही मिळून गिळतात. तोच तांबडा क्रिमझन घेतला आणि निळा अल्ट्रामरीन, तर स्वच्छ जांभळा मिळतो, कारण हे दोघे मुळातच जांभळ्याच्या बाजूचे आहेत. हिरव्याचेही तसेच: लेमन यलोत प्रशियन ब्लू घातला की पोपटी तजेला येतो, अल्ट्रामरीन घातला की शेवाळी छटा. म्हणून जाणते शिक्षक प्रत्येक प्राथमिक रंगाच्या दोन बाटल्या घ्यायला सांगतात, एक उष्ण आणि एक शीत.

मुळात वर्तुळ ही निसर्गाची नव्हे, माणसाची सोय आहे. न्यूटनने लोलकातून पांढरा उजेड फोडला तेव्हा समोर आला तो सरळ पट्टा. १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’मध्ये त्याने त्या पट्ट्याची दोन टोके जोडून वर्तुळ केले आणि संगीतातल्या सप्तकाच्या धर्तीवर त्याचे सात भाग पाडले. टोके जिथे जुळतात तिथला मॅजेंटासारखा, आपल्याकडे राणी म्हणतात तसा, रंग वर्णपटात कुठेच नसतो. तांबडा आणि निळा उजेड एकत्र डोळ्यात शिरला की मेंदू तो तयार करतो.

डिझाइनच्या विद्यार्थ्याला तर एकाच वेळी दोन प्रकारचे मिश्रण सांभाळावे लागते. पडद्यावर तांबडा, हिरवा आणि निळा उजेड एकमेकांत मिळतो. तिथे बेरीज होते, आणि तांबडा अधिक हिरवा म्हणजे चक्क पिवळा. छापखान्यात सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई असते. तिथे प्रत्येक थर उजेड कमी करतो. पडद्यावर झगमगणारे काही निळे-हिरवे या चार शायांच्या आवाक्यातच नसतात. लग्नपत्रिका छापून आल्यावर फिकी वाटते ती बहुधा यामुळे. प्रूफ न पाहता फाइल छपाईला सोडू नये, हा नियम त्यातूनच आला.

रंगाचे वर्णन नुसत्या नावाने होत नाही, हे अमेरिकी चित्रकार आणि कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल याने १९०५ मध्ये व्यवस्थित मांडले. त्याच्या पद्धतीत प्रत्येक रंगाला तीन मोजमापे असतात: रंग कोणता, तो किती उजळ किंवा गडद, आणि किती तीव्र किंवा मंद. उजळपणाची शिडी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा. पिवळा सर्वांत तेजस्वी दिसतो तो आठव्या पायरीच्या आसपास, तर निळा-जांभळा चौथ्या पायरीच्या आसपास. म्हणून पिवळ्याची सावली रंगवताना काळा ढवळणारा विद्यार्थी फसतो आणि केळ्याऐवजी काहीतरी हिरवट उगवते. विद्यार्थ्यांच्या चित्रांतले निम्मे दोष रंगाचे नसून उजळ-गडदाचे असतात, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढला की ते लगेच उघडे पडतात.

रंगशास्त्राचा खरा गाभा मात्र सापडला तो पॅरिसच्या एका सरकारी विणकामाच्या कारखान्यात. भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रांसाठी हा गोबलँ कारखाना प्रसिद्ध होता. १८२४ मध्ये तिथल्या रंगाईचा प्रमुख म्हणून मिशेल युजीन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. निळ्या-जांभळ्या कापडातल्या सावल्यांसाठी वापरलेली काळी लोकर फिकी दिसते, अशी तक्रार त्याच्यापुढे आली. त्याने इतर ठिकाणची काळी लोकर आणवून ताडून पाहिली. गोबलँची लोकर कुठेच कमी नव्हती. दोष रंगाईत नव्हता, शेजारात होता. निळ्यालगत काळा ठेवला की निळ्याचा विरोधी रंग, म्हणजे नारिंगी झाक, त्या काळ्यावर चढल्यासारखी दिसते आणि त्याचा कस उतरतो. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो, हा नियम शेव्रलने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथात मांडला. पुढे सरासारख्या चित्रकारांनी ठिपक्यांची चित्रे काढताना त्याचा आधार घेतला.

हा नियम शिकवायचा कसा, याचे सर्वांत चांगले उत्तर योसेफ आल्बर्सने दिले. बाउहाउसमध्ये शिकलेला आणि शिकवलेला हा शिक्षक १९३३ मध्ये अमेरिकेत गेला आणि पुढे येल विद्यापीठात शिकवू लागला. तो विद्यार्थ्यांना रंग मिसळायला लावण्याऐवजी रंगीत कागद कापायला लावी. ब्रशची हातोटी, रंगाचा थर, वाळल्यावरचा बदल ही सगळी लुडबुड टळते आणि उरते फक्त बघणे. १९६३ साली त्याचे ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ प्रसिद्ध झाले.

त्यातला एक पाठ कुणालाही करता येतो. राखाडी कागदाच्या बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या एकाच तुकड्यातून कापायच्या. एक गडद पिवळ्या कागदाच्या मध्यावर ठेवायची, दुसरी जांभळ्याच्या. पिवळ्यावरची पट्टी गडद आणि किंचित निळसर भासते, जांभळ्यावरची उजळ आणि पिवळसर. एकाच कागदाच्या आहेत हे ठाऊक असूनही डोळा ऐकत नाही. मग दोन भोके पाडलेला पांढरा कागद वर ठेवायचा, म्हणजे पार्श्वभूमी झाकली जाऊन फक्त पट्ट्या दिसतील. फरक जागच्या जागी नाहीसा होतो. याच्या उलट, दोन वेगळे रंग एकसारखे भासवण्याचा पाठ बराच अवघड आहे आणि त्यात भल्याभल्यांची दमछाक होते.

शेजाऱ्याइतकाच रंग बदलतो तो उजेडाने. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस साडीला लावून बघितल्यावर ग्राहक ते उचलून दुकानाच्या दारात उन्हात नेतात, यामागे पक्के शास्त्र आहे. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली दोन कापडे ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळतात आणि दिवसाच्या उजेडात वेगळी पडतात. धूपछाँव पैठणीत तर ताण्याचा धागा एका रंगाचा आणि बाण्याचा दुसऱ्या. घडी वळली की कधी एक वर येतो, कधी दुसरा.

लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती अशा याद्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. युरोपात वधूचा पोशाख पांढरा असतो, तर महाराष्ट्रात नववधूच्या हाती हिरवा चुडा आणि अंगावर पिवळी अष्टपुत्री. अर्थ रंगात नसतो, तो समाजाने दिलेला असतो.

मजकूर वाचता येणे ही गोष्ट मात्र मोजता येते. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सामान्य आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर काळे अक्षर २१ ला १ भरते, पांढऱ्यावर भडक पिवळे जेमतेम १.०७. शिवाय युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना तांबडा-हिरवा फरक नीट कळत नाही. हा दोष आनुवंशिक असून स्त्रियांमध्ये बराच कमी आढळतो. त्यामुळे नकाशा, तक्ता किंवा औषधाचे लेबल करणाऱ्याने माहिती केवळ लाल आणि हिरव्याच्या भरवशावर सोडू नये. जोडीला अक्षर, आकडा किंवा खूण द्यावीच.