पिलाला अंगणाची सवय

कुत्र्याचे पिलू घरात आले की पहिले दोन दिवस मोठी मौज असते. पोरे त्याच्याभोवती गोळा होतात. शेजारीपाजारी बघायला येतात. तिसऱ्या दिवशी आजीचा पाय ओल्यात पडतो. चौथ्या दिवशी ज्वारीच्या पोत्याला वास येतो. मग घरात कुरकुर सुरू होते.

पूर्वी गावात कुत्रे म्हणजे दारात राहणारे. ते कुठे मुतते, कुठे हगते, हे कुणी बघत नसे. आता पुष्कळ घरांत पॉमेरेनियनसारखी लहान जातीची, झुपकेदार केसांची कुत्री दिसतात. ती माणसांबरोबर घरातच वाढतात. म्हणून त्यांना वळण लावावे लागते. ते लागले नाही तर काय होते, हे आम्ही पाहिले आहे. वैतागलेली माणसं पिलू पिशवीत घालतात आणि लांब कुठेतरी सोडून येतात. ते इवलेसे पिलू मोठ्या कुत्र्यांच्या तोंडी जाते, नाहीतर गाडीखाली सापडते.

म्हणून हे वळण कसे लावायचे ते नीट समजून घेऊ.

पिलू मुद्दाम घाण करत नाही. दोन महिन्यांच्या पिलाचा मूत्राशय केवढा असणार? त्यातून जात लहान. दिवसा दोन तासांपलीकडे त्याला लघवी धरवत नाही. खेळात असले तर तेवढीही नाही. तान्ह्या मुलाने दुपटे ओले केले तर आपण त्याला मारतो का? तसेच हे.

पण आपल्याकडे एक जुनी रीत आहे. पिलाने घरात घाण केली की त्याची मान धरायची, नाक त्या घाणीत घासायचे आणि वर दोन चापट्या द्यायच्या. ‘म्हणजे त्याच्या ध्यानात राहतं,’ असे लोक म्हणतात. ध्यानात राहते हे खरे. पण काय राहते? ‘घरात मुतू नये’ हे त्याला कळत नाही. ‘माणसासमोर मुतलं की मार बसतो’ एवढेच त्याला कळते. मग ते कणगीमागे जाते, खाटेखाली जाते. तुम्ही त्याला अंगणात नेले तर तुमच्यासमोर काहीच करत नाही. घरात आले की कोपरा गाठते. तुम्ही म्हणता, किती लबाड आहे! लबाड नाही हो. तुम्हीच त्याला लपायला शिकवलेत.

यावर कुणी म्हणेल, ‘त्याला आपली चूक कळते. आम्ही आलो की कान पाडतं, मान खाली घालतं.’ या गोष्टीची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत न्यू यॉर्क शहरात अलेक्झांड्रा हॉरोविट्झ नावाच्या बाई कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी १४ कुत्री घेतली. मालकाने खाऊ ठेवायचा, ‘खायचा नाही’ असे कुत्र्याला सांगायचे आणि खोलीबाहेर जायचे. तो परत आला की कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही ते त्याला सांगायचे. पण कधीकधी मुद्दाम खोटेच सांगायचे. काय दिसले? ज्याला मालक रागावला, त्याने मान खाली घातली. खाऊ खाल्लेला असो वा नसो. उलट, न खाता बोलणी बसलेली कुत्री जास्तच अपराधी दिसली! हे २००९ साली छापून आले. म्हणजे कुत्रे कान पाडते ते आपला आवाज आणि आपला चेहरा बघून. तासाभरापूर्वी केलेल्या घाणीचा आणि आताच्या माराचा मेळ त्याला लावता येत नाही.

तर मग करायचे काय? वेळ साधायची. पिलू झोपून उठले की लगेच, खाल्ल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत, खेळून दमले की, आणि रात्री निजण्यापूर्वी, त्याला उचलून अंगणातल्या एकाच ठरलेल्या जागी न्या. मधल्या वेळी दर दोन तासांनी न्या. एवढे कोण करणार, असे वाटेल. पण घरात चार माणसं असतात. वेळा वाटून घ्याव्यात. म्हातारी माणसं हे काम फार छान करतात, कारण त्यांना घाई नसते.

पिलू स्वतःही खूण देते. खेळता खेळता एकदम थांबते, जमीन हुंगते, एकाच जागी गोल फिरते. की उचला!

जागेवर नेले की एकच शब्द बोलायचा. ‘चल, शू कर’ म्हणा नाहीतर दुसरे काही म्हणा, पण घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचे. मग गप्प उभे राहायचे. त्याचे झाले की तिथल्या तिथे ‘शाब्बास’ म्हणून पाठीवरून हात फिरवा आणि भाकरीचा नखाएवढा तुकडा द्या. तिथल्या तिथे, बरे का! घरात येऊन तुकडा दिला तर त्याला वाटेल, घरात आल्याबद्दल मिळाला. हा तुकडा म्हणजे लाड नव्हेत, ती पिलाची मजुरी आहे. मात्र चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे आणि कांदा कुत्र्याला कधीही देऊ नये. ते त्याला विषासारखे बाधतात.

घरात चूक होताना दिसली तर ओरडू नका. हलकेच ‘अरे अरे’ म्हणा आणि उचलून बाहेर न्या. मागाहून दिसली तर पिलाला काही बोलू नका, जागा साफ करा. सारवलेली जमीन असेल तर ओली माती खरवडून काढा आणि पुन्हा सारवा. फरशी असेल तर साबणाच्या पाण्याने नीट धुवा. वास राहिला की पिलू पुन्हा तिथेच येते. फिनेलचा मारा नको. ओले फिनेल पिलाने चाटले तर त्याला अपाय होतो.

वासाचा हा गुण आपल्याही उपयोगी पडतो. खरवडलेली माती अंगणातल्या ठरलेल्या जागी टाका. पिलाला जागा आपोआप ओळखू येते. कोकणात पावसाळ्यात एवढेसे पिलू भर पावसात बाहेर पडत नाही. तिथे पडवीत एका जुन्या पाटीत माती घालून ठेवावी. लहान कुत्र्याला तेवढी जागा पुरते.

रात्री पिलाची टोपली आपल्या अंथरुणाजवळ ठेवा. आपली निजायची जागा पिलू सहसा घाण करत नाही. लघवी आली की कुंकूं करते, आणि आपल्याला जाग येते. त्याला एकटे बाहेर सोडू नका. जुन्नर, अकोले या भागांत उसात बिबट्या राहतो आणि कुत्री हे त्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. हातात विजेरी घ्या, पिलाला दोरी लावा आणि जवळ उभे राहा.

घाण होऊ नये म्हणून काही घरांत पिलाचे खाणे-पाणी तोडतात. हे फार वाईट. लहान जातीचे पिलू उपाशी राहिले तर गळून जाते, कधी बेशुद्धही पडते. खाणे तोडू नका. खाण्याच्या वेळा ठरवा. खाणे वेळेवर झाले की शीसुद्धा वेळेवर होते.

तीन-चार आठवड्यांत फरक दिसू लागतो. पक्की सवय व्हायला सहा महिने लागतात, लहान जातीला कधी त्याहूनही जास्त.

आता शीबद्दल थोडे. पिलांच्या पोटात जंत असतातच असे धरून चालावे. त्यांची अंडी शीतून मातीत जातात. रांगणारे मूल ती माती तोंडात घालते आणि जंत त्याच्या अंगात शिरतात. म्हणून शी रोज उचलून पुरावी आणि हात साबणाने धुवावेत. पशुवैद्यकीय दवाखान्यातून पिलाला जंताचे औषध द्यावे. तिथेच लशीही टोचून घ्याव्यात. पिसाळण्याची लस तीन महिन्यांच्या सुमारास द्यायची असते. लशी पुऱ्या होईपर्यंत बाहेरची कुत्री जिथे घाण करतात तिथे पिलाला नेऊ नये. आपले अंगणच बरे.

आणि वळण लागलेले पिलू एकाएकी पुन्हा घरात मुतू लागले, थेंब थेंब लघवी करू लागले किंवा लघवीत रक्त दिसले, तर ते आजारी आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा. पातळ, रक्ताची शी आणि उलट्या होत असतील तर सकाळची वाट बघत बसू नका. त्याच वेळी डॉक्टरांना गाठा.